खोली भाड्याने द्यायला नोंदणी, मुलांना परदेशी पाठवायला काहीच नाही

कांदोळीत किंवा हरमलात घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या तर 1982 च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. हॉटेलवाल्याला लागते, गाइडला लागते, ट्रॅव्हल एजंटला लागते. पण म्हापशात किंवा मडगावात दुसऱ्या मजल्यावर एक गाळा घेऊन 'यूके, कॅनडा, जर्मनी, शंभर टक्के व्हिसा' असा फलक लावायचा, आणि बारावी झालेल्या मुलाच्या आईवडिलांना वीस-पंचवीस लाखांच्या निर्णयापर्यंत न्यायचे, तर त्या कामासाठी वेगळा परवाना लागत नाही. चार दिवसांच्या पाहुण्याची जेवढी काळजी आपले सरकार घेते, तेवढीही चार वर्षांसाठी घर सोडणाऱ्या आपल्या मुलामुलींची घेत नाही. हे बदलले पाहिजे, आणि ते बदलणे राज्याच्या हातात आहे.

सुरक्षितता म्हटली की आपल्याकडे चर्चा होते ती हल्ल्यांची, वर्णद्वेषाची, युद्धाची. 2024 च्या जुलैत केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार, आधीच्या पाच वर्षांत 41 देशांत मिळून 633 भारतीय विद्यार्थी मरण पावले. त्यांत एकट्या कॅनडात 172. हल्ल्यांत गेलेले होते 19. बाकीच्यांना आजारपणाने, अपघाताने आणि अशाच इतर कारणांनी नेले. हल्ल्याची भीती खोटी नाही, पण आकडे सांगतात की खरा धोका रोजच्या जगण्यात आहे. वेळेवर डॉक्टरकडे न जाणे, झोप मोडून रात्रपाळी करणे, अनोळखी पाण्यात उतरणे, पैसे संपल्यावर कुणाला न सांगणे. यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळे प्रस्थानाच्या आधीच्या वर्षात सापडतात. त्या वर्षात कागद, पैसा आणि माहिती या तिन्हींची तयारी नीट झाली, तर पुढची अर्धी संकटे मुळातच उभी राहत नाहीत.

सुरुवात नावापासून करू. जन्मदाखल्यावर एक आडनाव, गोवा शालान्त मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे, आधारवर तिसरेच, असे गोव्यात सर्रास आढळते. कुणाचे 'नाईक' आणि गावाचे नाव दोन्ही चालत आलेले असते. कुणाच्या वडिलांचे नाव जन्मदाखल्यावर रामा आणि बँकेत रामचंद्र असते. इथे कुणाचे काही अडत नाही, कारण सगळे ओळखतात. यूकेच्या व्हिसाला मात्र अडते. राहण्याच्या खर्चाची रक्कम वडिलांच्या खात्यात दाखवायची, तर ते खातेदार आणि अर्जदाराचे वडील एकच आहेत हे जन्मदाखल्यावरून सिद्ध करावे लागते. रामा आणि रामचंद्र ही एकच व्यक्ती आहे हे व्हिसा अधिकारी गृहीत धरत नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' अशी अक्षरे येतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. मग बँक, वाहन परवाना, विद्यापीठाची नोंद, सगळीकडे तीच अक्षरे मागे लागतात. आणि नाव बदलायचे असेल तर गोव्यात नोटरीकडे शपथपत्र करून भागत नाही. त्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची रीत सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीतून जाते. याला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. म्हणून अकरावीत प्रवेश घेतानाच जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट आणि आईवडिलांची बँक पासबुके टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून पाहावे. उच्च माध्यमिक शाळांनी हे काम पालकसभेत अर्ध्या तासात करून घेतले, तर त्यासाठी कुठल्याही निधीची गरज नाही.

पुढचा खडक जमिनीचा. बँकेला तारण हवे असते आणि मध्यमवर्गीय गोमंतकीय घरात तारण म्हणजे घर किंवा भाट, म्हणजे बागायत. इथे इतर राज्यांतली माहिती वाचून चालत नाही. गोव्याच्या समान नागरी कायद्यात पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, त्यामुळे स्थावर गहाण टाकायला दोघांची संमती आणि सही लागते. आई आखातात किंवा जहाजावर कामाला असेल, तर तिचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून करून आणण्यातच महिना जातो. दुसरे, आजोबांच्या नावावरचे घर. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर आजोबांबरोबर त्यांच्या चार भावांची नावे असतात, त्यांतले दोघे हयात नसतात, एकाची मुले लंडनला असतात. जोवर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, होऊन हिस्से पडत नाहीत, तोवर ती मालमत्ता बँकेच्या दृष्टीने निरुपयोगी. मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याचे, घर असेल आणि जागा खरेदीची प्रक्रिया पुरी झालेली नसेल, तरी तेच. बँक टायटल शोध घेते, उपनिबंधकाकडचा बोजा नसल्याचा दाखला मागते, मूल्यांकन करून घेते. यात भाऊबंदांची एक हरकत आली की सप्टेंबरची तुकडी हुकते. अशा वेळी घर गप्प बसत नाही. घाईत सोने मोडले जाते किंवा खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलले जातात, आणि त्या हप्त्यांचे ओझे घेऊन विमानात बसलेला मुलगा पोहोचल्या आठवड्यापासून मिळेल ते काम शोधू लागतो. परदेशातल्या रात्रपाळीचे कारण अनेकदा असे गावच्या उताऱ्यावर सापडते. तारणाची कागदपत्रे प्रवेशाच्या किमान वर्षभर आधी वकिलाला दाखवावीत, प्रवेशपत्र आल्यावर नव्हे.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना अनेक घरांना या सापळ्यातून वाचवते आणि तिच्याबद्दल राज्याचे कौतुक केले पाहिजे. केवळ शिष्यवृत्ती किंवा खासगी वित्तसंस्था यांच्या मागे लागण्याआधी तिथे चौकशी करावी. करांचे एक लक्षात ठेवावे: मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो आयकर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशांतून वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो, पण तोवर ती रक्कम हाताशी नसते.

पैसा दाखवण्याचे नियम देशागणिक वेगळे, आणि दरवर्षी बदलणारे. जर्मनीसाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर दरमहा 992 युरोच काढता येतात, हे मुलाला आधीच माहीत हवे, नाहीतर पहिल्या महिन्याच्या खोलीच्या अनामतीला पैसे पुरत नाहीत. भारतातल्या अर्जदारांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागद खरे असल्याचा दाखलाही, सक्तीचा आहे. त्याची फी 18,000 रुपये. ते हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही, आणि विद्यापीठाकडून गुणपत्रके मिळवण्यात गेलेला वेळ त्यात वेगळा धरावा लागतो. यूकेसाठी आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते. इथे अर्ज फेटाळले जाण्याची ठरलेली पद्धत आहे. काकांनी उसने दिलेले पैसे शेवटच्या आठवड्यात खात्यात येतात. किंवा विसाव्या दिवशी गाडीच्या कर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो आणि शिल्लक एका दिवसापुरती दोन हजारांनी खाली जाते. एक दिवस कमी पडला तरी 28 दिवस पुन्हा पहिल्यापासून. शिवाय खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचेच चालते, काकांचे नाही. अशा वेळी त्या खात्याला जोडलेले सगळे आपोआप वळते होणारे हप्ते दोन महिन्यांसाठी दुसऱ्या खात्याकडे फिरवून ठेवणे, हा साधा आणि खात्रीचा उपाय.

आता एजंटाबद्दल. सगळे एजंट लबाड असतात असे म्हणणे अन्याय ठरेल. अर्ज नीट भरून देणारे, मुलाला नको तो कोर्स घेऊ नको असे सांगणारे लोक या धंद्यात आहेत. पण धंद्याची रचना समजून घ्यायला हवी. बहुतेक एजंटांना मोबदला मिळतो तो विद्यापीठाकडून, प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यामागे. जे विद्यापीठ जास्त देते, तिकडे शिफारस झुकते. त्यामुळे 'आमची सेवा मोफत' हे वाक्य ऐकल्यावर कोण पैसे देतो हा प्रश्न विचारणे पालकांचे कर्तव्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या संस्थांना आपल्या एजंटांची यादी संकेतस्थळावर द्यावी लागते. ती पाच मिनिटांत पाहता येते. कॅनडात पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला देण्याचा अधिकार फक्त तिथल्या परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांना आहे.

सगळ्यांत घातक गोष्ट बाहेरून अगदी किरकोळ दिसते. एजंट विद्यार्थ्याच्या नावाने स्वतःच एक ईमेल उघडतो, पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो, अर्जात संपर्कासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक घालतो. विद्यापीठाची पत्रे, व्हिसा नाकारल्याची कारणे, फीच्या पावत्या, सगळे त्या एका टपालपेटीत जाते. मुलाच्या हाती येतो तो व्हॉट्सॲपवरचा पीडीएफ. अशा अंधारात राहण्याचा धोका 2023 साली कॅनडात उघडकीला आलेल्या प्रकरणात दिसला: बनावट प्रवेशपत्रांवर पोहोचलेल्या, बहुतांश पंजाबातल्या विद्यार्थ्यांना पत्र खोटे असल्याचे कळले ते काही वर्षांनी, कायम निवासाचा अर्ज केल्यावर. त्यानंतर डिसेंबर 2023 पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळायला सुरुवात केली. खोटा कागद कुणी बनवला याला तिथे महत्त्व नसते. अर्ज ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. कॅनडा पाच वर्षांची बंदी घालते, यूकेत ती दहा वर्षांपर्यंत जाते.

म्हणून ईमेल स्वतःचा, पासवर्ड स्वतःचा, फी थेट विद्यापीठाच्या खात्यात. प्रवेशपत्र आले की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन आंतरराष्ट्रीय कार्यालयाला स्वतः मेल करून खातरजमा करावी. मेल चार ओळींचा असतो आणि उत्तर सहसा आठवड्यात येते. मान्यताप्राप्त संस्थांच्या सरकारी याद्या आहेत: यूकेची परवानाधारक प्रायोजकांची, कॅनडाची डीएलआय, ऑस्ट्रेलियाची क्रायकॉस, अमेरिकेची एसईव्हीपी. त्या पाहायच्याच, पण त्यावरच थांबायचे नाही. 2019 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन'च्या प्रकरणात 129 भारतीय विद्यार्थी ताब्यात घेतले गेले. ते विद्यापीठ तिथल्या गृहसुरक्षा खात्यानेच सापळा म्हणून उभे केले होते, आणि सरकारी यादीत त्याचे नाव होते. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. यादीबरोबर वेळापत्रक, प्राध्यापकांची नावे, अभ्यासक्रम पाहावा आणि सध्या शिकत असलेल्या किमान एका विद्यार्थ्याशी बोलावे. वर्गात न जाता पदवी आणि कामाचा परवाना देणारी संस्था दाखवली जात असेल, तर तिथून उठून यावे.

डॉक्टरकीसाठी बाहेर जाणाऱ्यांचे वेगळे लिहिले पाहिजे, कारण इथे चूक झाली तर सहा वर्षे वाया जातात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जागा हुकली की जॉर्जिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, फिलिपिन्स ही नावे कानावर येऊ लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी, आणि ती पदवी त्या देशातही डॉक्टरकी करण्याच्या परवान्यास पात्र हवी. 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पात्रता आधीच मिळवलेली असावी लागते. फिलिपिन्समधला सुरुवातीचा बीएस अभ्यासक्रम या 54 महिन्यांत धरला जात नाही. परत आल्यावर परीक्षा आणि पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप आहेच. एजंटाने दिलेल्या पत्रकावर 'एनएमसी मान्य' असे छापलेले असते. पण आयोग आता परदेशी कॉलेजांची मान्यतायादी देत नाही, अटी देतो, आणि त्या अटी आपले कॉलेज पाळते का हे विद्यार्थ्यालाच तपासावे लागते. आणि त्या देशाची परिस्थितीही पाहावी लागते. 2022 साली युक्रेनमधून हजारो विद्यार्थी परत आणावे लागले. 2024 च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. 2025 च्या जूनमध्ये इराणमधून विद्यार्थ्यांना बाहेर काढावे लागले.

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय टाळून गोव्यात परदेशी शिक्षणावर लिहिता येत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये नोंदणी करता येते. त्या नोंदणीमुळेच अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) हा शब्द आपल्याकडे वाड्यावाड्यांवर माहीत आहे. युरोपीय संघातल्या देशात शिकायचे असेल तर त्याचा फायदा खरा आहे: नेदरलँड्ससारख्या देशात संघाच्या नागरिकाची फी बाहेरच्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी कमी असते, आणि व्हिसाची गरज नसते. पण दोन गैरसमज अजून फिरत आहेत. पहिला, तो पासपोर्ट असला की यूकेत शिकणे सोपे. 2020 अखेर ब्रेक्झिटची संक्रमण मुदत संपल्यापासून तसे राहिलेले नाही. तिथला सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा, म्हणजे ब्रेक्झिटपूर्वी तिथे राहणाऱ्या युरोपीयांना मिळालेला वास्तव्याचा हक्क, नसेल, तर पोर्तुगीज पासपोर्टधारकालाही विद्यार्थी व्हिसा लागतो आणि परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरावी लागते. दुसरा गैरसमज, दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवता येतात. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परके नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट वापरणे 1967 च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरतो. तो जमा करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड. अठराव्या वर्षी हा निर्णय घेणाऱ्या मुलाला हेही कळले पाहिजे की संकटात भारतीय दूतावासाकडे नागरिक म्हणून मदत मागण्याचा त्याचा हक्क त्याबरोबर जातो. अशा निर्णयाला एका दुपारची घाई पुरत नाही. केवळ स्वस्त फीसाठी नागरिकत्व सोडणे मला पटत नाही, पण ज्याने विचारपूर्वक ते केले त्याला दोष देण्याचेही कारण नाही.

पोहोचल्यानंतरच्या गोष्टींची तयारी इथूनच होते. खोलीचे फोटो पाहून अनामत पाठवायची नाही. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या किंवा तात्पुरत्या निवासात राहून, खोली डोळ्यांनी पाहून करार करावा. घरमालक 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल' असे सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये अनामत रक्कम 30 दिवसांत सरकारमान्य संरक्षण योजनेत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. तिची पावती मागावी. कामाच्या तासांची मर्यादा तोंडपाठ हवी: यूकेत पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला 20 तास, कॅनडात कॅम्पसबाहेर 24, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48, अमेरिकेत पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसमध्ये. यूकेत हा आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, आणि एका आठवड्यात 26 आणि पुढच्यात 14 असे करून सरासरी काढता येत नाही. ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम तिथे स्वयंरोजगार मानले जाते आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. कुणाचे तरी खाते भाड्याने घेऊन सायकल चालवणारा मुलगा अपघातात सापडला, तर विमाही नाही आणि व्हिसाही जातो. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात आपली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आधार मोठा आहे, पण 'रोख देतो, कागद नको' असे सांगणारा ओळखीचा असला तरी ते काम घेऊ नये.

बँक खात्याबद्दल एक गोष्ट कुठल्याच एजंटाच्या पत्रकात नसते. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, तू पुढे पाठव, दोनशे पौंड तुझे' असा प्रस्ताव नव्या विद्यार्थ्याला समाजमाध्यमांवर हमखास येतो. तो काळ्या पैशांचा मार्ग असतो. यूकेत पैशांच्या धुलाईला 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि खाते बंद झाले की दुसरी बँकही दारात उभे करत नाही. तसेच इमिग्रेशन अधिकारी किंवा दूतावास फोनवर पैसे मागत नाहीत, क्रमांक खरा दिसला तरी.

आरोग्याच्या तयारीत दात आणि चष्मा आधी. यूकेत वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरला की सरकारी सेवा मिळते, पण दातांचे आणि चष्म्याचे पैसे बहुतेकांना वेगळे मोजावे लागतात. जे काही करायचे ते इथेच करून जावे. तिथे पोहोचल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावे. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणणारा ताप अंगावर काढतो. अमेरिकेत विद्यापीठाच्या विम्यात आधी स्वतःच्या खिशातून किती भरायचे हे वाचून ठेवावे. रोजची औषधे तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या पत्रासह न्यावीत. पत्रात औषधाचे ब्रँडनाव पुरत नाही, मूळ घटकाचे नाव हवे. आणि मसाल्याकडे लक्ष द्यावे. मोपाहून किंवा दाबोळीहून बरेच प्रवास आखातातून होतात. खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थ म्हणून बंद आहे, आणि शागुतीच्या मसाल्यात खसखस असते. आईने प्रेमाने बांधलेला डबा सामानात असेल तर त्यात काय वाटले आहे हे विचारूनच भरावा. ऑस्ट्रेलियात सुके बांगडे, सुंगटे, लोणचे, सोलां जे काही असेल ते आगमनपत्रावर जाहीर करावे. लपवले तर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

अठरा वर्षे पुरी झालेल्या विद्यार्थ्याची माहिती पाश्चात्त्य विद्यापीठे आईवडिलांना देत नाहीत. गुण, गैरहजेरी, आजार, काहीच नाही. मुलगा महिनाभर वर्गात गेला नाही तरी घरी कळवले जात नाही. यावर उपाय आहे: प्रवेशाच्या वेळी तातडीचा संपर्क म्हणून पालकांचे नाव देणे आणि माहिती देण्याच्या संमतीपत्रावर सही करणे. हे मुलाशी बोलून, त्याच्या संमतीने करावे. डिसेंबरात चार वाजता अंधार पडणाऱ्या शहरात एकटे राहणाऱ्या मुलाला, 'पैसे वाया गेले तरी चालेल, परत ये' एवढे वाक्य आईवडिलांनी जाण्यापूर्वीच सांगितलेले असले पाहिजे. ते कर्जाच्या ओझ्याखाली सांगितले जात नाही, म्हणून मी वर तारणावर इतके लिहिले.

आता राज्याने काय करावे. पंजाबने 2012 साली कायदा केला, 2014 मध्ये तो सुधारला. व्हिसा सल्लागार, तिकीट एजंट आणि आयईएलटीएसच्या शिकवण्या यांना तिथे जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. तरीही तिथे फसवणूक झाली, हे वर आलेच आहे. म्हणून नुसता परवाना मागून उपयोग नाही. परवान्याला तीन अटी जोडाव्यात. एजंटाने पहिल्या भेटीतच एका पानावर लिहून द्यावे की कुठल्या संस्थांकडून त्याला मोबदला मिळतो, विद्यार्थ्याकडून किती घेणार, आणि व्हिसा नाकारला तर किती परत करणार. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड विद्यार्थ्याचा असावा. तो स्वतःकडे ठेवणाऱ्याचा परवाना जावा. आणि फी एजंटाच्या खात्यातून जाऊ नये.

यावर आक्षेप येईल की आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक चिरीमिरी. हा आक्षेप हलका नाही. म्हणूनच मंजुरीची वाट पाहायला लावणारा परवाना न आणता ऑनलाइन नोंदणी, छोटी फी, आणि तक्रार आली तरच तपासणी, अशी रचना हवी. दुसरा आक्षेप, ही सज्ञान मुले आहेत, त्यांच्या खासगी निर्णयात सरकार कशाला. पण बिनव्याजी कर्ज देताना सरकार त्या निर्णयात आधीच आले आहे. सार्वजनिक पैसा ज्या विद्यार्थ्यामागे जातो, त्याला कर्जाचा पहिला हप्ता देण्यापूर्वी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण सक्तीचे करणे महामंडळाला एका परिपत्रकाने शक्य आहे. त्यात नावांची पडताळणी, कामाचे तास, खोलीचा करार, बँक खाते, जीपी नोंदणी आणि दूतावासाकडे नाव नोंदवणे एवढेच शिकवावे. ते मराठीत आणि कोकणीत व्हावे, पालकांना सोबत बसवून, कारण सह्या तेच करतात.

दूतावासाची नोंदणी लहान गोष्ट वाटते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद संकेतस्थळावर विद्यार्थ्याला नाव नोंदवता येते, पण बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. युक्रेनमध्ये युद्ध तोंडावर आले असताना आपल्या दूतावासाला तिथल्या भारतीयांना घाईने अर्ज भरायला सांगावे लागले होते. गोव्याचे अनिवासी भारतीय व्यवहार खाते आहे. त्याने तालुक्यानुसार स्वेच्छेची नोंदवही ठेवावी: विद्यार्थ्याचे नाव, शहर, संस्था, तिथला पत्ता, गोव्यातल्या दोन माणसांचे फोन. काणकोणच्या मुलीबद्दल काही कळले तर त्या रात्री कुणाला फोन करायचा हे पणजीत कुणाला तरी माहीत असले पाहिजे. माहिती गुप्त ठेवण्याची लेखी हमी दिली तर कुटुंबे नोंद करतील.

कायद्याला विधानसभेचे अधिवेशन लागेल, त्याला वेळ जाईल. परिपत्रकाला आणि नोंदवहीला लागत नाही. पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशांसाठीचे कर्जाचे अर्ज भरले जाण्यापूर्वी ही दोन कामे होऊ शकतात. त्यासाठी आमदाराकडे मागणी करायची असेल, तर ती नेमकी याच दोन गोष्टींची करावी, आणि लेखी करावी.